माती इथली, विद्या तिकडची

परदेशी शिक्षणाविषयी विचारणा करणारी पत्रे ह्या स्तंभाकडे नेहमीच येत असतात. वैद्यक, यंत्रशास्त्र, संगणकशास्त्र हे विषय ठरलेले आणि प्रश्नही बहुधा खर्चाचेच. जबलपूरहून आलेले एक पत्र मात्र त्यांहून निराळे वाटले, म्हणून ते सावकाश उत्तर देण्यासाठी बाजूला ठेवले होते. पत्रलेखिका एक गृहिणी आहेत. घराणे मराठी असून तीन पिढ्या जबलपुरात नांदलेले. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असा त्यांचा संसार. सासऱ्यांची चार एकरांची संत्र्यांची बाग सौंसरजवळ आहे. मुलीने कृषिविषयाची पदवी जबलपुरातच घेतली आणि आता उद्यानविद्येच्या दोन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तिला इटलीतून प्रवेशाचे पत्र आले आहे. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीचे मात्र अजून काही ठरलेले नाही.

बाई लिहितात : “मामंजींचा नातीवर फार जीव आहे. तिच्या शिक्षणाला त्यांनी कधीही नाही म्हटले नाही. पण ह्या वेळी ते म्हणतात, माती इथली, झाड इथले, रोग इथला. मग विद्या तिकडची कशाला? आणि तेच पुढे म्हणतात, जायचेच असेल तर बाग गहाण टाकू. ह्या दुसऱ्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. आपण काय सांगाल?”

दोन्ही प्रश्न खरे आहेत, आणि आजोबांचा प्रश्न तर भल्या विद्वानानेही विचारात घ्यावा असा आहे. त्याचे उत्तर आधी शोधू. गहाणखताकडे मागाहून वळू.

प्रथम त्या विद्येच्या नावाविषयी दोन शब्द. भाषांतराच्या कामात जन्म गेलेल्या माणसाला नावे छळतातच. इंग्रजीत ‘हॉर्टिकल्चर’ म्हणतात, त्याचे मूळ लॅटिनमधील ‘हॉर्टुस’ ह्या शब्दात आहे. हॉर्टुस म्हणजे कुंपण घातलेली जागा, परसबाग. आपल्या विद्यापीठांनी त्यासाठी ‘उद्यानविद्या’ हा शब्द रूढ केला, हिंदीत ‘उद्यानिकी’ म्हणतात. उद्यान म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे हिरवळ, कारंजे आणि बाके उभी राहतात, आणि मग “झाडे लावायला परदेशी कशाला?” असे शेजारणी विचारतात. वस्तुतः फळे, भाज्या, फुले, मसाल्याची व औषधी झाडे ही सारी ह्या विद्येच्या कुंपणात येतात. रोपवाटिका कशी राखावी, कोणत्या खुंटावर कोणता डोळा भरावा, फळ झाडावरून केव्हा उतरवावे, उतरविलेले फळ पेठेपर्यंत कसे टिकवावे, बियाणे कसे घडवावे, हा तिचा खरा विषय आहे. आपल्या जुन्या ‘बागाईत’ ह्या शब्दात हा अर्थ अधिक येतो. पण तो शब्द पाणीपट्टीच्या कागदांत अडकून पडला, त्याला इलाज नाही.

आता आजोबांचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधावयास इटलीपर्यंत जाण्याची गरज नाही. जबलपूरच्या भाजीबाजारात हिवाळ्यात एक फेरी मारली तरी पुरे. पाटण, शहपुरा, पनागर ह्या भागांतून हिरवा वाटाणा गाड्या भरभरून येतो आणि तेथून दूरदूरच्या शहरांत जातो. जबलपूरचे नाव आज ज्या पिकांसाठी घेतले जाते त्यांत हा वाटाणा आघाडीवर आहे. ह्या वाटाण्याचे कुळ पाहण्यासारखे आहे. जबलपूरच्या कृषिविद्यापीठाने निर्माण केलेल्या ‘जवाहर मटर’ ह्या नावाच्या जातींपैकी ‘जवाहर मटर ३’ ही ‘टी १९’ आणि ‘अर्ली बॅजर’ ह्यांच्या संकरातून आलेली आहे, तर ‘जवाहर मटर ४’ ही ‘टी १९’ आणि ‘लिटल मार्व्हल’ ह्यांच्या संकरातून. ‘टी १९’ हा आपल्याकडे रुळलेला वाण. ‘अर्ली बॅजर’ अमेरिकेतून आलेला आणि ‘लिटल मार्व्हल’ इंग्लंडमधून. म्हणजे जबलपूरची म्हणून जी शेंग आपण सोलतो तिच्या आईबापांपैकी एक समुद्रापलीकडचा आहे. तो पलीकडचा वाण जसाच्या तसा येथे लावून कोणी धन्य झाले नाही. त्याला येथील वाणाशी जोडून, पुढच्या पिढ्यांतून वर्षानुवर्षे निवड करून, येथल्या थंडीला आणि येथल्या जमिनीला मानवेल असे त्याचे अपत्य निवडावे लागले.

ज्या विद्यापीठात हे काम झाले त्याची कथाही ह्याच जातीची आहे. जवाहरलाल नेहरू कृषि विश्वविद्यालय १९६४ साली जबलपुरात स्थापन झाले. त्याचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९६४ रोजी इंदिरा गांधी ह्यांच्या हस्ते झाले. त्या वेळी त्या केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याच्या मंत्री होत्या. ह्या विद्यापीठाच्या उभारणीस अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे साहाय्य होते, जसे ते त्याआधी १९६० साली सुरू झालेल्या पंतनगरच्या विद्यापीठासही होते. तिकडचे प्राध्यापक जबलपुरात येऊन राहिले आणि इकडचे तरुण अध्यापक पुढील शिक्षणासाठी इलिनॉयमधील अर्बाना येथे गेले. अध्यापन, संशोधन आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाणारा विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावी, ही कल्पना अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांतून आली होती. मध्य प्रदेशात आज सोयाबीनची शेते दूरवर पसरलेली दिसतात. त्यांची सुरुवातही जबलपूर आणि पंतनगर येथील त्या काळच्या प्रयोगांतून झाली.

गंमत अशी की अर्बानाची वाट भारताने त्याच्याही पुष्कळ आधी पाहिली होती. रवींद्रनाथ ठाकुरांनी आपला मुलगा रथींद्रनाथ ह्याला १९०६ साली शेतकी शिकण्यासाठी त्याच इलिनॉय विद्यापीठात पाठविले. कवीच्या मुलाने शेतकी शिकावी ह्याचे त्या वेळीही लोकांना नवल वाटले असेल. १९०९ साली पदवी घेऊन तो परतला आणि शिलाइदहच्या जमिनीत प्रयोग करू लागला.

वाटाण्याचा विषय निघालाच आहे, तर त्याच्या महर्षीचे नाव घेतल्यावाचून पुढे कसे जावे? ग्रेगोर मेंडेल हा १८२२ साली, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्मला. बापाला फळझाडांची हौस होती. पुढे बापाला अपघात झाला, शेत जावयाकडे गेले आणि मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी धाकट्या बहिणीने, थेरेझियाने, आपल्या लग्नासाठी राखलेल्या पैशांतील वाटा भावाच्या शिक्षणासाठी दिला. हे ऋण मेंडेल विसरला नाही. मठाधिपती झाल्यावर तिच्या मुलांच्या शिक्षणाचा भार त्याने उचलला. आमच्या पत्रलेखिका भगिनींना ही हकीकत मुद्दाम सांगितली, कारण विद्येसाठी घराने पोटाला चिमटा घेणे ही काही केवळ आपल्याच देशातील रीत नव्हे.

पण आजोबांच्या प्रश्नाशी मेंडेलचा संबंध निराळा आहे. शिक्षकाच्या परीक्षेत तो १८५० साली नापास झाला, तेव्हा मठाने त्याला १८५१ ते १८५३ पर्यंत व्हिएन्नाच्या विद्यापीठात धाडले. तेथे त्याने वाटाण्याची लागवड शिकली काय? मुळीच नाही. पदार्थविज्ञान, गणित आणि वनस्पतिशास्त्र ह्यांची व्याख्याने त्याने ऐकली. डॉप्लर ह्या प्रख्यात पदार्थवैज्ञानिकाच्या हाताखाली काही काळ काढला. परत ब्रनोच्या मठात आल्यावर १८५६ पासून त्याने मठाच्या बागेत वाटाणे पेरले, आणि इतर माळी जेथे “काही उंच निघाली, काही बुटकी” एवढेच म्हणत तेथे त्याने झाडे मोजली. किती उंच, किती बुटकी, किती दाणे गुळगुळीत, किती सुरकुतलेले. आठ वर्षांत हजारो झाडे. वाटाणा मठाचा, माती मठाची, मोजण्याची सवय व्हिएन्नाची. १८६६ साली छापलेल्या त्याच्या निबंधाचे मोल जगाला १९०० साली कळले, आणि ‘जवाहर मटर’ घडविणारे हातही शेवटी त्याच नियमांवर चालले.

आता संत्र्याकडे वळू, कारण आजोबांचा जीव त्यात आहे.

सौंसर-पांढुर्ण्यापासून वरूड-मोर्शीपर्यंत आणि पुढे नागपूरपर्यंत संत्र्याचे झाड सहसा स्वतःच्या मुळांवर उभे नसते. खाली जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा खुंट असतो आणि त्यावर संत्र्याचा डोळा भरलेला असतो. फळ वरच्याचे, पण तहान, भूक आणि दुखणी पुष्कळशी खालच्याची. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबले की मुळे गुदमरतात, जमिनीतील बुरशी सालीत शिरते, खोडातून डिंक पाझरू लागतो आणि पाहता पाहता झाड वाळते. डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच भरावा, आणि लागवड करताना जोड मातीत गाडू नये, हे बागाईतदार एकमेकांना सांगत आले आहेत. शास्त्राचेही म्हणणे तेच आहे.

रंगपूर लिंबाची गोष्ट आजोबांना आवडेल. नाव रंगपूरचे, जे आज बांगलादेशात आहे. ब्राझीलमध्ये पूर्वी संत्रावर्गाची झाडे आंबट नारिंगाच्या खुंटावर वाढवीत. १९३७ पासून तेथे ‘ट्रिस्टेझा’ नावाचा विषाणुरोग दिसू लागला. त्या खुंटावरील लक्षावधी झाडे गेली. तेव्हा ज्या खुंटांनी तो रोग सोसला त्यांत आपला रंगपूर लिंबू होता. कोरडवाहू माळावरही तो तग धरी. साऊं पावलू प्रांताच्या बागाच्या बागा त्यावर उभ्या राहिल्या. पुढे १९९९ च्या सुमारास एक नवाच रोग उद्भवला, आणि ह्या वेळी मरू लागली ती नेमकी रंगपूर खुंटावरील झाडे! मग पुन्हा खुंट बदलणे आले. एकाच खुंटावर सारा भरवसा टाकला की काय होते, हे एका देशाने साठ-सत्तर वर्षांत दोनदा अनुभवले. आपल्या बागा मुख्यतः ज्या दोन-तीन खुंटांवर उभ्या आहेत त्यांचा विचार करताना ही माहिती उपयोगी आहे की नाही? ती सौंसरच्या बागेत बसून कळण्यासारखी नव्हती. नागपुरात १९८५ साली लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. आज ती केंद्रीय संस्था आहे आणि खुंटांच्या परीक्षा तेथे चालतात. अशा परीक्षांना जगभरच्या अनुभवाशी ताडून पाहणारी माणसे लागतात.

इटलीत ह्या मुलीला काय दिसेल? बोलोन्या आणि बोलझानो येथील विद्यापीठांनी उद्यानविद्येत असा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आखला. त्यासारख्या अभ्यासक्रमांत दोन वर्षे, एकशेवीस श्रेयांक, शिकविण्याचे माध्यम इंग्रजी, एखादे सत्र दुसऱ्या देशात आणि शेवटी स्वतःच्या प्रयोगावर प्रबंध अशी सर्वसाधारण रचना असते. बोलझानोच्या आसपासचे आल्प्समधील खोरे म्हणजे सफरचंदांचे आगर. तेथे सफरचंदाची झाडे आपल्या कल्पनेतल्या वृक्षासारखी नसतात. तारांच्या आधाराने उभी केलेली, हात वर केला की शेंड्याला लागेल अशी, हेक्टरी तीन हजारांच्या आसपास. हे घडते ते ‘एम ९’ नावाच्या बुटक्या खुंटामुळे. हा खुंट मूळचा फ्रान्समधला. इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथील संशोधनकेंद्राने विसाव्या शतकाच्या आरंभी खुंटांची भेसळ निस्तरून त्याला हा क्रमांक दिला. आपल्याकडे सहा मीटरांवर संत्र्याचे झाड लावले तर हेक्टरी २७७ झाडे बसतात. संख्यांची ही तफावत पाहून पाहुण्याचे डोळे दिपतात.

येथेच सावध राहावयाचे. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात ठरावीक काळ कडक थंडी लागते, तरच त्याचे डोळे वसंतात नीट फुटतात. जबलपूरच्या थंडीत युरोपातल्या नामांकित जातींची झोप पुरी होत नाही. म्हणून तिथला खुंट, तिथली छाटणी, तिथली अंतरे वहीत उतरवून आणून सौंसरला लावीन असे म्हणणारा पदवीधर बागेचे नुकसानच करील. आजोबांची भीती बहुधा हीच असावी, आणि ती रास्त आहे. अशा उतारेबाज विद्येला आमचाही नकार आहे.

पण त्याच इटलीच्या दक्षिणेस सिसिली बेट आहे. तिथले लिंबूबागाईतदार ऐन उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडतात. झाडे मलूल होतात, पाने वळतात. मग एके दिवशी भरपूर पाणी देतात आणि अवेळी फुलांचा बहर येतो. त्यापासून पुढल्या उन्हाळ्यात हिरवे लिंबू मिळतात, जेव्हा बाजारात लिंबू दुर्मिळ असतो आणि भाव चांगला येतो. त्या लिंबांना ते ‘व्हेर्देल्ली’ म्हणतात. वाचकहो, हे वाचून आजोबा हसतील. कारण हाच तर आपला बहार धरण्याचा प्रकार! एप्रिल-मे महिन्यांत बाग ताणावर सोडावी, मृगाच्या पावसाने ताण तुटावा आणि फुले यावीत. तो मृग बहार. हिवाळ्यात थंडी आणि ताण ह्यांनी जो साधतो तो आंबिया बहार. सिसिलीच्या शेतकऱ्याने हे आपल्याकडून शिकल्याचे किंवा आपण त्याच्याकडून शिकल्याचे कोणी म्हणत नाही. एकाच कुळातील झाडांच्या सहवासात राहून दोघांनी झाडाचा स्वभाव ओळखला, एवढेच.

ताण किती द्यावा, ही मात्र कठीण गोष्ट. कमी पडला तर फुलांऐवजी नवती फुटते. जास्त झाला तर फांद्या वाळतात, कधी झाडच जाते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत ओल खोलवर टिकून राहते आणि दिवसांचा हिशेब चुकतो. मध्येच वळवाचा पाऊस आला तर केलेले सारे व्यर्थ. आजोबा पानाकडे पाहून सांगत असतील की आता पुरे. त्यांच्या नजरेत चाळीस-पन्नास वर्षांचा अनुभव आहे. पण ती नजर त्यांच्याबरोबरच राहते. शेजारच्या तरुण बागाईतदाराला ती उसनी देता येत नाही. पानावर दाब देऊन झाडाला पाण्याची ओढ किती आहे हे आकड्यात सांगणारे उपकरण आहे. १९६५ पासून त्याचा वापर जगभर पसरला. आजोबांना “आता पुरे” असे वाटले त्या दिवशी तो आकडा किती होता, आणि त्या वर्षी फुले किती आली, हे काही बहार पाहून जुळवता आले तर? मग ती नजर कागदावर उतरेल. नातीने परदेशात जाऊन शिकावे ते हे. जेथे पाण्याचा थेंब थेंब मोजून बागा पिकवितात तेथे ह्या विषयाचे शिक्षक, उपकरणे आणि मागील प्रयोगांचे साहित्य मुबलक आहे.

तेव्हा आमचे मत असे की मुलीने जरूर जावे. मात्र स्वतःचा प्रश्न बरोबर घेऊन जावे. पहिल्या सत्रात अध्यापक विचारतील, प्रबंध कशावर करणार? त्या वेळी “आपण सांगाल त्यावर” असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला दुसऱ्याचे सफरचंद येते. “काळ्या जमिनीतील संत्र्याचा ताण” असे जी मुलगी म्हणेल तिला निदान लिंबावर काम करण्याची संधी मागता येईल.

परतण्याविषयी आईच्या मनात धाकधूक आहे, हे पत्रातील एका ओळीवरून जाणवले. ह्या बाबतीत कोणी कोणाला शब्द देऊ नये आणि घेऊही नये. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतकी शिकले. क्रांतिकार्यात पडल्यामुळे ब्रिटिश अमलात त्यांना मायदेश मोकळा राहिला नाही. १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत शिकवू लागले, मक्याच्या जातींवर त्यांनी काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा ह्या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. १९५५ साली ते परत आले, नागपुरात राहिले आणि १९६७ साली तेथेच वारले. मधली तीस वर्षे त्यांच्या विद्येचे फळ दुसऱ्या देशाने खाल्ले. त्यांचा नाइलाज होता. आजच्या मुलामुलींपुढे तसली अडचण नाही. त्यांच्यापुढे अडचण आहे ती परतल्यावर नोकरीची, प्रयोगशाळेची आणि पगाराची. सरकारी संशोधनसंस्थांत किंवा कृषिविद्यापीठांत काम करावयाचे असेल तर परदेशी पदवीची येथील पदवीशी समकक्षता मान्य व्हावी लागते. तो अभ्यासक्रम त्या नियमांत बसतो की नाही, ह्याची चौकशी निघण्यापूर्वी लेखी करून घ्यावी. परतल्यावर ती सुरू करणाऱ्यांची एकेक वर्षे कागदपत्रांत गेलेली आम्ही पाहिली आहेत.

आता गहाणखत. ह्याबाबत आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. ज्या बागेसाठी ही विद्या शिकावयाची तीच सावकाराच्या किंवा बँकेच्या कागदावर टांगून ठेवणे, हे खुंट तोडून डोळा भरण्यासारखे झाले. युरोपात काही देशांतील सार्वजनिक विद्यापीठांचे शुल्क अमेरिका-इंग्लंडच्या मानाने कमी असते, आणि इटलीत कुटुंबाचे उत्पन्न पाहून विद्यार्थ्यांना प्रादेशिक शिष्यवृत्त्याही मिळतात. मात्र त्यांचे अर्ज वेळेवर करावे लागतात आणि उत्पन्नाचे दाखले भाषांतर करून, प्रमाणित करून पाठवावे लागतात. आपल्याकडे जमशेटजी टाटांनी १८९२ साली उभारलेला निधी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्त्या देतो. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर ह्यांच्या मुलांसाठी आहे. पत्रलेखिकांचे कुटुंब तिच्या कक्षेत येणार नाही, पण हा स्तंभ वाचणाऱ्या अनेकांची मुले येतील, म्हणून तिचा उल्लेख केला.

ह्यांतले काहीच जमले नाही तर? तर ह्या वर्षी जाऊ नये. जबलपूरलाच पदव्युत्तर वर्गात नाव घालावे, किंवा अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा देऊन दुसऱ्या एखाद्या कृषिविद्यापीठात जावे. बागेवरच प्रबंध करावा आणि पीएच. डी. साठी परदेशी अर्ज करावा. त्या पायरीवर निर्वाहवेतन मिळण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो. दोन वर्षे उशीर झाला असे कोणी म्हणेल. संत्र्याचे कलम लावल्यावर पहिले धड पीक यावयास चार-पाच वर्षे लागतात, हे आजोबांच्या घरात तरी सांगावयास नको.

हिवाळ्यात गुडघाभर बर्फात छाटणी करावी लागेल काय, असेही बाईंनी विचारले आहे. उद्यानविद्येचे विद्यार्थी बागेत काम करतात, थंडीतही करतात. चांगले बूट आणि लोकरीचे हातमोजे तिकडे गेल्यावर घ्यावेत. जबलपुरात मिळणारे त्या थंडीला पुरत नाहीत. स्वयंपाक तिला येतोच, असे लिहिले आहे. मग चिंता नको.

पत्राच्या समासात मुलीने स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे. आईच्या नकळत लिहिली असावी. “बागेतली मूठभर माती बरोबर नेता येईल का?” नाही, बेटा. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरची माती अशी नेऊ देत नाहीत. संत्रावर्गाची कलमे आणि डोळेकाड्याही नेण्यास मनाई आहे, आणि वाटाण्याचे बी नेतो म्हटले तरी रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो. येताना इकडेही तसेच निर्बंध आहेत. रोग असेच प्रवास करतात म्हणून ते केले आहेत, त्यांचा राग धरू नये. मातीऐवजी मातीपरीक्षणाचा अहवाल न्यावा : चुन्याचे प्रमाण, सामू, चिकणमाती किती, काळा थर किती खोल. आणि एक वही न्यावी. अभ्यासक्रम शरद ऋतूत सुरू होतात. तेव्हा निघण्यापूर्वीचा मृग बहार तुला आजोबांबरोबर बागेत काढता येईल. पाणी कोणत्या तारखेला तोडले, पाने कधी वळली, “आता पुरे” असे ते कोणत्या दिवशी म्हणाले, पाऊस केव्हा आला, पहिली कळी केव्हा दिसली, हे सारे तारखेनिशी लिहून घे. मागच्या बहारांतले त्यांना जे आठवेल तेही विचार, विशेषतः जे बहार फसले ते.